कुलूप लागलं का?

दार ओढून घेतलेलं असतं, किल्ली खिशात गेलेली असते, जिन्याच्या आठ-दहा पायऱ्याही उतरून झालेल्या असतात आणि मग मागून कुणी हाक मारावी तसा प्रश्न येतो : कुलूप लावलं का? पाय थबकतात. हात खिशात जाऊन किल्ली चाचपतो, जणू तिला विचारलं तर ती सांगेल. कुलूप लावतानाचं चित्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला तर येतंही, पण ते आजचं की कालचं हे काही केल्या ठरत नाही. शेवटी मुकाट वर जायचं आणि कुलूप ओढून बघायचं. ते लागलेलंच असतं. जवळजवळ नेहमीच लागलेलं असतं. पुन्हा उतरताना थोडं हायसं वाटतं, थोडी स्वतःचीच चीड येते आणि तळाशी एक विचित्र बोच राहते. अर्ध्या मिनिटापूर्वी याच हातांनी एक काम नीट पार पाडलं होतं, पण ते करताना तिथं कुणी हजरच नव्हतं.

याला आपण विसरभोळेपणा म्हणून मोकळे होतो. पण विसरायला आधी मनात काही उतरावं लागतं. कुलूप लावताना मन पुढच्या रस्त्याला लागलेलं होतं, किंवा काल कुणी बोललेल्या एका वाक्याभोवती घोटाळत होतं. बोटं आपली रोजची वळणं घेत होती. जे उतरलंच नाही ते आठवणार कुठून? मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दर तासाला वहीत दोन गोष्टी टिपायला सांगितल्या होत्या : हातून काय चाललंय आणि मनात काय चाललंय. जवळजवळ रोज आणि बहुतेक त्याच ठिकाणी होणारी, म्हणजे सवयीची, कामं निघाली सुमारे ४३ टक्के. ती करताना माणसं बहुधा भलत्याच कशात तरी गुंतलेली होती. सवयीला नावं ठेवायचं काही कारण नाही. बुटाची नाडी बांधताना रोज नव्यानं डोकं चालवावं लागलं असतं तर घराबाहेर पडणंच मुश्कील झालं असतं. सवय काम चोख करते, लागलेलं कुलूप हा त्याचा पुरावाच आहे. फक्त ती हिशेब देत नाही.

आणि दिवसाचा बराच भाग असा बिनहिशेबी जातो.

माइंडफुलनेसला मराठीत आता ‘सजगता’ हा शब्द बऱ्यापैकी रुळला आहे. शब्द चांगला आहे, पण त्याआड एक गंमत लपून राहते. १८८१ साली टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स या पाली पंडितांनी ज्या शब्दासाठी ‘माइंडफुलनेस’ योजला तो शब्द ‘सति’, म्हणजेच संस्कृतातली ‘स्मृती’. म्हणजे या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी शांत बसणं नाही, आठवण आहे. आत्ता जे चाललं आहे त्याची आठवण ठेवणं, ते निसटू न देणं. आपल्याकडच्या ‘सावध’चंही तसंच. तो ‘स-अवधान’, अवधानासकट असलेला. आपण मात्र त्याला धोक्याच्या पाटीवर नेऊन टांगलं आणि पाटी नसेल तिथं बेसावध राहायची मुभा घेतली. जिन्यात थबकलेल्या माणसाची अडचण नेमकी हीच आहे. त्याला मन:शांतीची वगैरे काही निकड नाही. त्याला एवढंच हवं आहे की आपण केलेलं आपल्याला ठाऊक असावं.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे पुन्हा बघून येणं, आणि तो उपाय फसवा आहे. मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंट या संशोधकांनी २००३ साली काही लोकांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी तपासायला लावली, पुन्हा पुन्हा, वीस वेळा. शेवटची तपासणी त्यांना बरोबर आठवत होती, म्हणजे स्मरणशक्ती शाबूत होती. पण ते चित्र फिकट पडलं होतं, बारकावे गेले होते आणि आपल्याला आठवतंय यावरचा भरवसाच उडाला होता. कारण उघड आहे. एकसारख्या वीस आठवणी एकमेकींवर रचल्या की कुठलीच सुटी राहत नाही. कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्याला चौथ्यांदा ओढावंसं वाटतं ते यामुळेच. (हे ज्यांच्या बाबतीत हाताबाहेर गेलं आहे, तपासण्यातच ज्यांचे तास जातात, त्यांनी पुढचा उपाय करू नये. त्यातून तपासणीचा आणखी एक विधी तयार होईल. तिथं मानसोपचार तज्ज्ञच हवा, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.)

पुन्हा बघण्यापेक्षा पहिल्याच वेळी तिथं असणं स्वस्त पडतं. जपानच्या रेल्वेत चालक आणि गार्ड यांची एक पद्धत आहे, ‘शिसा कांको’ : सिग्नलकडे बोट दाखवायचं आणि तो कोणता आहे ते मोठ्यानं म्हणायचं. बघणाऱ्याला ते थोडं नाटकी वाटतं. पण तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात केलेल्या चाचणीत, बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या होत्या. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आले की मनाला दुसरीकडे पळायला वाट उरत नाही.

कुलपासाठी हे असं करता येतं. दारासमोर दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले आहेत एवढं आधी बघायचं. एक पाय जिन्याकडे वळलेला असेल तर मनही तिकडेच निघालेलं असतं. हातातली पिशवी खाली ठेवायची. फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून धरलेला असेल तर सगळं मुसळ केरात, बोलणं संपेपर्यंत थांबायचं. किल्ली आत सरकताना तिचे दात अडखळतात, ते बोटांना कळू द्यायचं. फिरवताना एका ठिकाणी जोर लागतो आणि मग तो एकदम सुटतो, ‘खट्’ होतं. तो आवाज ऐकून झाल्यावरच तोंडानं म्हणायचं, ‘कुलूप लागलं.’ आधी नाही. इथंच बहुतेकांचं चुकतं : किल्ली फिरत असतानाच शब्द उच्चारून होतात आणि मग आठवण राहते ती शब्दांची, कामाची नाही. त्यानंतर एकदाच ओढून बघायचं आणि हात काढून घ्यायचा. एकूण सहा-सात सेकंद लागतात. जिन्यातून परत वर येण्यापेक्षा कमीच.

पहिला आठवडा ही युक्ती फार छान चालते. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी जिन्यात पुन्हा पाय थबकतात. कारण ‘कुलूप लागलं’ हे म्हणणंही आता सवयीचं झालेलं असतं. तोंड बोलतं, ऐकणारा गैरहजर. हा युक्तीचा दोष नाही, आपली घडणच तशी आहे. १८०४ साली इग्नात्स ट्रॉक्सलर या स्विस वैद्यानं डोळ्याबद्दल एक निरीक्षण नोंदवलं होतं, ते घरबसल्या करून बघण्यासारखं आहे. कागदावर मधोमध पेन्सिलीनं एक ठिपका काढायचा. त्याच्यापासून तीन-चार इंचांवर रंगीत खडूनं एक फिकट डाग उमटवायचा आणि बोटानं त्याच्या कडा पुसट करायच्या. कागद जवळ धरून ठिपक्यावर नजर खिळवायची. दहा-वीस सेकंदांत डाग विरायला लागतो आणि कधी कधी पार नाहीसा होतो, कागद कोरा दिसतो. डोळा जरासा हलला की डाग जागेवर हजर. जे बदलत नाही ते दिसेनासं होतं, असा हा नियम. मनगटावरचं घड्याळ, भिंतीवरचं चित्र, पंख्याची घरघर, रोज समोर वावरणारं माणूस, सगळी या पुसट कडांच्या डागासारखी. ती कुठं जात नाहीत. नजर हलायची थांबलेली असते.

म्हणून कुलपाशी रोज एक नवी गोष्ट जोडावी लागते. आज धातू गार होता. आज किल्ली जरा अडली, तेलाचा थेंब हवा. आज शेजारच्या खिडकीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. गोष्ट किती क्षुल्लक आहे याला महत्त्व नाही, ती आजचीच असली पाहिजे. जिन्यात प्रश्न आला तर ‘गार होता’ हे लगेच वर येतं आणि आजचं कुलूप कालच्या कुलपापासून सुटं होतं. हे करताना काही दिवसांनी भलतंच घडतं. त्या कुलपाबद्दल, त्या दाराबद्दल आपल्याला बरंच काही ठाऊक झालेलं असतं. पावसाळी हवेत चौकट फुगते आणि दार खांद्यानं रेटावं लागतं. कडीच्या खाली रंग उडालेला आहे तो बरोबर एका अंगठ्याएवढा, आणि तो उडवणारा अंगठा आपलाच. इतकी वर्षं हे दार बिनबोभाट उघडतंय आणि लागतंय. कुठंतरी किंचित आपुलकी वाटून जाते, आणि दाराबद्दल आपुलकी वाटली म्हणून थोडं हसूही येतं.

मन भटकणं हा काही गुन्हा नाही, हे इथंच सांगून टाकावं. उद्याची आखणी, अडलेल्या कोड्याचं उत्तर, जुन्या मित्राला फोन करायची आठवण, हे सगळं भटकताना मिळतं. पण मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसभरात अवचित विचारलं, तेव्हा ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. त्यातही बोचरा भाग पुढचा. भटकून मन छान आठवणीत रमलं होतं तेव्हाही माणसं, कामात मन असलेल्या वेळेपेक्षा अधिक खूश नव्हती. आणि रटाळ किंवा चिंतेच्या विचारांत गेलं होतं तेव्हा तर सरळच नाखूश होती. म्हणजे समोरचं नीरस म्हणून आपण सुंदर कशात तरी जातो हा आपला समज. हाती फारसं काही लागत नाही.

मन परत आणायचं कसं, याचा सराव कुलपाच्या सहा सेकंदांत पुरेसा होत नाही. त्यासाठी रोज थोडं बसावं लागतं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला तो आता ८ आठवड्यांचा असतो. घरी रोज ४५ मिनिटं सराव. घरच्या घरी सुरुवात करणाऱ्यानं या आकड्याला घाबरू नये. १० मिनिटं पुरतात, आणि आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची १० मिनिटं कामाची. खुर्चीवर बसावं, पाठ खुर्चीला न टेकता पण न ताठवता, तळवे जमिनीवर. गजर लावून फोन पालथा, हाताला येणार नाही इतका दूर. मग श्वास जिथं सगळ्यात स्पष्ट कळतो ती एक जागा निवडायची : नाकपुड्यांची कड, जिथं आत जाणारी हवा गार आणि बाहेर येणारी कोमट लागते, किंवा छाती, किंवा पोट. एकदा निवडली की त्या बैठकीत बदलायची नाही. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, १ ते १०, आणि पुन्हा १. बसलेल्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते १८ श्वास होतात, म्हणजे ही गिनती मिनिटभरात एकदा, फार तर पावणेदोनदा पुरी होते. ऐकायला किती सोपं.

करायला बसलं की चौथ्या आकड्याला मन बाहेर पडलेलं असतं. कधी आकडे १७ वर पोचलेले सापडतात. हे सगळ्यात जास्त होतं, आणि इथंच निम्मे लोक ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून उठतात. पण मन गेलंय हे ज्या क्षणी लक्षात आलं तोच तर सराव आहे. त्या क्षणी स्वतःवर न चिडता ‘विचार’ एवढंच मनात म्हणायचं आणि पुन्हा १ पासून. १० मिनिटांत तीस वेळा परत यावं लागलं तर तीस वेळा सराव झाला. दुसरी चूक जरा लबाड आहे. काही दिवसांनी आकडे आपोआप चालायला लागतात, वर १, २, ३ आणि खाली आज कुणाला काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव. अशा वेळी आकडे उलटे मोजावेत, १० पासून १ कडे, किंवा काही मिनिटं मोजणं सोडूनच द्यावं. तिसरी चूक श्वासाला वळण लावण्याची : आपण बघतोय म्हटल्यावर तो मुद्दाम खोल, मुद्दाम संथ होतो, आणि पाच मिनिटांत छाती भरून येते. तो उथळ असेल तर उथळ बघायचा. डुलकी लागत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवून समोर जमिनीवर तीन-चार फुटांवर नजर ठेवावी. तरीही लागत असेल तर झोप कमी पडते आहे, तिथं ध्यानाचा इलाज नाही, उशी घ्यावी. आणि काहींना डोळे मिटून आत बघितलं की बरं वाटण्याऐवजी धडधड वाढते, जुनं काहीतरी उसळून वर येतं. त्यांनी नेट लावून बसून राहू नये. डोळे उघडावेत, तळपायांवर किंवा खोलीतल्या आवाजांवर लक्ष न्यावं, वेळ दोन मिनिटांवर आणावी, आणि तरीही तसंच होत असेल तर थांबावं, जाणकाराची मदत घ्यावी. हे सांगायचं बहुतेक ठिकाणी राहून जातं.

बसण्याचा सराव झाला की तो भांड्यांच्या सिंकपर्यंत न्यायचा, कारण आयुष्य खुर्चीवर नसतं. एक भांडं घ्यायचं, पूर्ण ढीग नाही. नळाखाली उंच पेला धरला तर पाणी भरत जाताना आवाज वर चढत जातो, कारण आतला हवेचा स्तंभ आखूड होत जातो. पेला न बघता, नुसत्या कानानं, तो भरत आल्याचं कळतं. फेस बोटांवरून घसरतो तेव्हा काच बुळबुळीत लागते आणि धुऊन झाली की ओलं बोट तिच्यावर अडखळत कुईकुई वाजतं. ‘स्वच्छ’ हा शब्द कानालाही कळतो तो असा. २०१५ साली ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावून एक अभ्यास झाला होता. वास, ऊब आणि स्पर्श यांच्याकडे लक्ष देऊन घासणाऱ्यांची अस्वस्थता २७ टक्क्यांनी कमी झाली असं त्यात आढळलं. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. आणि दमून आलेल्या, एकट्यानंच रोज सगळी भांडी घासणाऱ्या माणसाला ‘मन लावून घास’ असं दुसऱ्यानं सांगणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. त्याला सांगायची गोष्ट एकच : सरक, आज मी घासतो.

हे आलंच आहे तर कृतज्ञतेकडे वळावं, कारण तिचा वापर असाच चुकीच्या जागी होतो. ‘कृतज्ञ’ म्हणजे कृत जाणणारा, केलेलं ज्याला ठाऊक आहे तो. शब्दात आभार नाहीत, नम्रता नाही, भरलेले डोळे नाहीत. फक्त ठाऊक असणं आहे. बोलीतही आपण म्हणतो, ‘त्याला जाण आहे’. स्वतःच्या हातांनी लावलेलं कुलूप ज्याला ठाऊक नाही, त्याला दुसऱ्याच्या हातांनी केलेलं ठाऊक असेल ही आशा जरा जास्तच. कपाटातले कपडे घडी होऊन आले, संपत आलेला साबण नवा झाला, रात्री कुणीतरी उठून आपटणारी खिडकी लावली. कृत भरपूर आहे, ज्ञ कमी पडतो. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी करणाऱ्यानंही सवयीनंच केलेल्या असतात, त्यालाही जिन्यात विचारलं तर आठवणार नाहीत. दोघांच्याही नकळत कुणीतरी कुणाचं तरी आयुष्य चालवत असतं.

कृतज्ञतेची वही लिहिण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बहुतेक वह्या तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात. त्याची कारणं वहीतच दिसतात. ‘घर, आरोग्य, कुटुंब’ हे तीन शब्द रोज लिहिले की ट्रॉक्सलरचा डाग पुन्हा विरतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ज्या प्रयोगामुळे या वह्या लोकप्रिय झाल्या, त्यातला एक गट आठवड्यातून एकदाच लिहीत होता, पाच गोष्टींपर्यंत, १० आठवडे. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांना आढळलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. त्यामुळे एक वार ठरवावा आणि बाकी दिवस वही मिटलेली असावी. लिहिताना नाम पुरत नाही, क्रियापद लागतं. ‘बहीण’ लिहून काही होत नाही. ‘बहिणीनं तिची बैठक मध्येच सोडून माझा फोन घेतला, आणि मी काय बोलतोय हे न विचारता आधी ऐकलं’ असं लिहिलं की त्यात तिनं काय बाजूला ठेवलं तेही येतं. कुणी केलं, काय केलं, त्याला ते किती पडलं, एवढ्या तीन गोष्टी वाक्यात आल्या की वाक्य जिवंत राहतं. सुचत नसेल तर वजाबाकी करून बघावी. हे माणूस भेटलंच नसतं तर? त्या दिवशी आपण तिकडे गेलोच नसतो तर? मिंक्युंग कू, सारा अल्गो, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांच्या २००८ च्या अभ्यासात हेच दिसलं होतं : चांगली गोष्ट घडली कशी हे लिहिण्यापेक्षा, ती कशी घडलीच नसती हे लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. डोळा हलवायचा हा एक मार्ग.

दोन खड्डे मात्र चुकवावेत. ‘दुसऱ्यांकडे तर एवढंही नाही’ या वाटेनं आलेली कृतज्ञता मनाला लागत नाही, कारण तिच्यात दुसऱ्याचं दुःख आपली उंची मोजायला वापरलेलं असतं. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. जिथं राग यायला हवा तिथं कृतज्ञता घालून तो गिळणं. वाईट वागवणाऱ्याबद्दल ‘तरी त्यानं आपल्यासाठी किती केलं’ असं रोज लिहिणाऱ्याची वही काढून घ्यावी. केलेलं जाणायचं तर वाईट केलेलंही जाणायला हवं, नाहीतर तो अर्धाच ज्ञ.

राहिली आवड. झपाटून टाकेल असं काहीतरी आपल्याला सापडत नाही, ही तक्रार हल्ली फार ऐकू येते, आणि ‘सापडणं’ हा शब्दच तिथं घोटाळा करतो. आपल्या भाषेत गोडी सापडत नाही. गोडी लागते. नाद लागतो, वेड लागतं, लळा लागतो, ध्यास लागतो. कुलूपही लागतं, आणि त्या सगळ्यांना एकाच गोष्टीची गरज असते, दोन वस्तू एकमेकींना टेकण्याची. पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ साली दाखवलं की आवड ही आत आधीच दडलेली असते आणि ती फक्त शोधायची असते असं मानणारे लोक, नव्या विषयात अवघड भाग आला की लवकर सोडून देतात. ती हळूहळू घडते असं मानणारे टिकतात. पहिल्यांच्या दृष्टीनं अवघड जाणं म्हणजे ‘ही माझी नव्हे’ असा कौल. मग पुढची, मग त्यापुढची. कुठलीच लागत नाही कारण कुठलीच नीट टेकत नाही.

गोडी लागण्याचा सराव करता येतो, आणि तो कुलपासारखाच कंटाळवाण्या जागी सुरू होतो. जे काम रोज करावंच लागतं त्यातला एक तुकडा निवडायचा, पूर्ण काम नव्हे. अक्षर लिहिणाऱ्यानं एक ‘ळ’ घ्यावा. हिशेब करणाऱ्यानं रकान्यांची आखणी. शिकवणाऱ्यानं वर्गात शिरल्यानंतरची पहिली दोन मिनिटं. पंधरा दिवस त्या एकाच तुकड्यात रोज एक फरक करून बघायचा आणि कामानंतर एक ओळ टिपायची : काय बदललं, काय झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘आता बदलण्यासारखं काही उरलं नाही’ असं वाटतं. तिथं थांबू नये, कारण तो डाग विरल्याचा क्षण आहे, डाग संपल्याचा नव्हे. सहसा सातव्या-आठव्या दिवशी एखादा बारकावा दिसतो जो आजवर कुणी सांगितला नव्हता, आणि त्या दिवशी काम संपल्यावरही तो डोक्यात घोळत राहतो. घोळत राहिलं की लागायला लागलं म्हणायचं. नाहीच घोळलं तर पंधरा दिवसांनी तो तुकडा सोडून द्यावा, पश्चात्ताप न करता. प्रत्येक कामाची गोडी लागलीच पाहिजे असा काही नियम नाही, आणि काही कामं खरोखरच नीरस असतात. तिथं सवयीवर सोपवून मन खुशाल भटकू द्यावं.

लक्ष देण्याची किंमतही आहे, आणि ती आधी कुणी सांगत नाही. नजर हलायला लागली की फक्त सुंदरच दिसतं असं नाही. रोज समोर बसणाऱ्या माणसाचा पेला धरणारा हात किंचित थरथरतो, हे एका सकाळी दिसतं. तो कदाचित वर्षभर थरथरत असेल. बोलताना आईचा आवाज एका शब्दावर अडकतो, मग ती तो शब्द टाळून वाक्य फिरवून घेते, आणि आपल्याला कळतं की ती हे बरेच दिवस करत असावी. न दिसण्यात एक सोय होती. आता कृतज्ञता आणि धास्ती एकाच श्वासात येतात, वेगळ्या काढता येत नाहीत. अशा वेळी श्वास मोजून शांत व्हायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर तेव्हा शांत होण्याची घाई करू नये. हात थरथरतोय हे दिसलं आहे, तर पेला जरा जवळ सरकवावा, अर्धाच भरावा, आणि डॉक्टरांची वेळ घ्यावी.

पुन्हा जिना. दोन्ही पाय जमिनीवर, पिशवी खाली. किल्लीचे दात अडखळले, जोर लागला, सुटला. खट्. ‘कुलूप लागलं.’ आज कडीला कोळ्याचा एकच तंतू चिकटलेला होता, उजेडात दिसला आणि फुंकरीनं हलला. आठ-दहा पायऱ्या खाली आल्यावर प्रश्न येतोच, जुनी सवय आहे ती. पाय थबकत नाहीत. तंतू आठवतो.